चोवीस नमुन्यांचा खडक-संच : दगड अस्सल, मांडणी फसवी

भूकवचातील खडकांची ओळख करून देणारा चोवीस नमुन्यांचा एक संच गेले तीन महिने माझ्या टेबलावर आहे. भूशास्त्र हा माझा पदवीचा विषय होता. पुढे पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा झाला, पण दगड हातात घेऊन उलटसुलट करून पाहण्याची सवय काही सुटली नाही. म्हणून हा संच मी विकत घेतला, सोबतच्या पुस्तिकेतील प्रत्येक प्रयोग करून पाहिला आणि मगच हे परीक्षण लिहायला बसलो. उत्पादकाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण खाली सांगितलेले दोष थोड्याफार फरकाने या जातीच्या बहुतेक संचांत असतात.

आधी बाह्यांगाबद्दल. सरकत्या झाकणाचा लाकडी डबा, आत चोवीस चौकोनी कप्पे, प्रत्येक कप्प्यात चार ते पाच सेंटिमीटरचा एक तुकडा, शिवाय दहा पट मोठे दाखवणारे भिंग, कस, म्हणजे घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीचा रंग, पाहण्यासाठी चकाकी नसलेली पोर्सेलीनची पट्टी आणि बत्तीस पानांची पुस्तिका. सर्वांत मोठी जमेची बाजू ही की नमुने घासून गुळगुळीत केलेले नाहीत. यंत्रात घोळवलेला दगड दिसायला देखणा असतो, पण त्याचे कण, त्याचे फुटणे आणि त्याचा खरखरीतपणा हे सारे त्या चकाकीखाली जाते. इथे प्रत्येक तुकड्याला निदान एक बाजू ताज्या फुटीची आहे आणि खडक ओळखायचा तो त्याच बाजूवरून. क्रमांक मात्र कागदी चिकटपट्ट्यांवर छापलेले आहेत आणि त्या दुसऱ्याच आठवड्यात सुटू लागल्या. कोळशावरची तर पहिल्याच दिवशी गळून पडली. संग्रहालयात नमुन्यावर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने क्रमांक घालण्याची जुनी पद्धत आहे. मी शेवटी तेच केले.

कप्प्यांची विभागणी शाळेतल्या पाठासारखी आहे : आठ अग्निज, आठ गाळाचे, आठ रूपांतरित. माझी मुख्य तक्रार या सारख्या वाटणीबद्दलच आहे, पण तिच्याकडे जाण्याआधी पहिल्या कप्प्यातला ग्रॅनाइट पाहू, कारण संचातला सर्वांत चांगला नमुना तोच आहे. कण इतके ठसठशीत आहेत की भिंगाची गरजही भासत नाही. राखाडी, काचेसारखे, कसेही वेडेवाकडे फुटणारे कण क्वार्ट्झचे, म्हणजे आपल्या गारगोटीचे. दगड दिव्याखाली हळूहळू फिरवला की एका विशिष्ट कोनात आरशासारखे चमकून जाणारे गुलाबी आणि पांढरे कण फेल्डस्पारचे. आणि सुईच्या टोकाने पापुद्रे सुटतात ते काळे कण अभ्रकाचे. फेल्डस्पारची ती चमक पुस्तिकेत एका ओळीतही आलेली नाही, ही मला अक्षम्य चूक वाटते. भूकवचाचा निम्म्याहून अधिक भाग फेल्डस्पार गटातील खनिजांचा आहे. ज्याला ती चमक ओळखता आली त्याला भूकवचातील सर्वांत विपुल खनिज ओळखता आले. याहून चकित करणारी गोष्ट मूलद्रव्यांची आहे. भूकवचाच्या वजनात सुमारे 46 टक्के ऑक्सिजन, 28 टक्के सिलिकॉन आणि 8 टक्के ॲल्युमिनियम असते, तर लोहाचा वाटा जेमतेम 5 टक्के भरतो. म्हणजे हा हातातला घट्ट, जड दगड वजनाने जवळपास निम्मा ऑक्सिजन आहे. हे सांगितले असते तर वाचणाऱ्याने तो तुकडा पुन्हा एकदा उचलून पाहिला असता.

ग्रॅनाइटच्या उत्पत्तीवरून अठराव्या शतकाच्या अखेरीस मोठा वाद होता. हा खडक आदिम समुद्राच्या पाण्यातून साका बसावा तसा खाली बसला, असे मानणारा पंथ त्या काळी प्रबळ होता. स्कॉटिश भूशास्त्रज्ञ जेम्स हटन यांनी 1785 मध्ये स्कॉटलंडमधील ग्लेन टिल्ट येथे ग्रॅनाइटच्या शिरा जुन्या रूपांतरित खडकात घुसलेल्या पाहिल्या; जो खडक दुसऱ्यात घुसतो तो घुसताना वितळलेला असला पाहिजे आणि ज्यात घुसतो त्याच्याहून वयाने लहान असला पाहिजे, असा त्यांचा सरळ तर्क होता. पुस्तिकेत हटन यांचे चित्र आहे, जन्मवर्ष आहे, पण हा तर्क नाही. चित्राच्या जागी ग्रॅनाइटच्या शिरेचा एक फोटो छापला असता तर बरे झाले असते.

आता बेसॉल्ट. नमुना चांगला आहे. एका बाजूला वायूच्या बुडबुड्यांची पोकळी आहे आणि तिच्यात पांढऱ्या खनिजाचे अस्तर धरलेले आहे. पुस्तिका मात्र म्हणते की बेसॉल्ट लवकर थंड झाल्यामुळे काळा असतो. हे साफ चूक आहे. लवकर थंड होण्याने ठरतो तो कणांचा आकार. रंग ठरतो खनिजांवरून, आणि बेसॉल्टमध्ये लोह व मॅग्नेशियम असलेली गडद खनिजे भरपूर असतात म्हणून तो काळपट दिसतो. गंमत अशी की ही चूक उघडी पाडणारा पुरावा याच डब्यात आहे. बेसॉल्टच्या शेजारी गॅब्रो ठेवलेला आहे : रसायन तेच, पण खोलवर सावकाश थंड झालेला, म्हणून कण मोठे, आणि तरीही रंग गडदच. ग्रॅनाइटशेजारच्या रायोलाइटचेही तसेच आहे : रसायन ग्रॅनाइटचे, थंड होणे झटपट, रंग फिकट. या चौघांना दोन बाय दोनच्या चौकटीत मांडले की अग्निज खडकांचे अर्धे शास्त्र समोर उभे राहते. उभ्या ओळीत रसायन, आडव्या ओळीत थंड होण्याचा वेग. संचात मात्र ते एक, दोन, तीन, चार असे रांगेने बसवले आहेत.

ऑब्सिडियन आणि प्यूमिस यांची जोडीही अशीच वाया घालवलेली आहे. एक काळी कुळकुळीत काच, फुटली की शिंपल्यासारख्या वर्तुळाकार रेषा दाखवणारी आणि कडेला धारदार. दुसरा पांढुरका, स्पंजासारखा, पाण्यावर तरंगणारा. दोघांचेही रसायन बहुधा ग्रॅनाइटच्या जवळचे असते. ऑब्सिडियन काळी दिसते ती आत विखुरलेल्या लोह-ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांमुळे, त्यामुळे ‘काळा म्हणजे बेसॉल्टच्या घराण्यातला’ हा नियमही तिच्यापुढे लटका पडतो. (ऑब्सिडियनच्या कडेने माझे बोट कापले. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या संचात याची सूचना झाकणावर हवी होती.)

संचात वजनकाटा नाही, पण घरातल्या काट्यावर जो प्रयोग होतो तो पुस्तिकेतील सर्व प्रयोगांपेक्षा सरस आहे, म्हणून तो तपशिलाने सांगतो. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि दोऱ्याला बांधलेला दगड तळाला वा कडेला न टेकता पाण्यात पूर्ण बुडवायचा. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके घनसेंटिमीटर दगडाचे आकारमान. माझा ग्रॅनाइट 84 ग्रॅमचा आणि 32 घनसेंटिमीटरचा निघाला, म्हणजे घनता 2.6 च्या वर. बेसॉल्ट 93 ग्रॅम आणि 32 घनसेंटिमीटर, म्हणजे 2.9. सातव्या कप्प्यातला ऑलिव्हिन या खनिजाच्या हिरव्या कणांचा पेरिडोटाइट 92 ग्रॅम आणि 28 घनसेंटिमीटर, म्हणजे जवळपास 3.3. एवढ्या तीन आकड्यांत पृथ्वीच्या बाह्यभागाची रचना आली. खंडांचे कवच ग्रॅनाइटसारख्या हलक्या खडकांमुळे एकंदरीत हलके आणि सरासरी 35 ते 40 किलोमीटर जाड असते; सागरतळाचे कवच बेसॉल्ट आणि गॅब्रोचे, अधिक दाट आणि सुमारे 7 किलोमीटर इतकेच जाड असते; आणि दोन्ही ज्या प्रावरणावर, म्हणजे कवचाखालच्या जाड थरावर, टेकलेली आहेत त्याचा वरचा भाग पेरिडोटाइटचा आहे. हलके आणि जाड ते उंच उभे राहते, दाट आणि पातळ ते खाली बसते, म्हणून पाणी समुद्रात साचते. उंच पर्वतांना खाली तशीच खोल मुळे असावीत हा विचार इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी 1855 मध्ये मांडला होता, आणि तिबेटच्या पठाराखाली कवचाची जाडी 70 किलोमीटरच्या घरात जाते.

इथे एक खटकणारी गोष्ट आली. संचाचे नाव ‘भूकवचाचे खडक’ असे आहे आणि पेरिडोटाइट हा मुख्यतः कवचाखालचा, प्रावरणाचा खडक आहे. कवच आणि प्रावरण यांच्यामधली सीमा क्रोएशियन भूकंपशास्त्रज्ञ आंद्रिया मोहोरोविचिच यांनी 1909 मध्ये भूकंपलहरींच्या नोंदींवरून शोधली. त्या सीमेपलीकडचा हा पाहुणा डब्यात घातला याबद्दल तक्रार नाही, उलट आभारच मानले पाहिजेत, पण तो पाहुणा आहे हे कुठेही लिहिलेले नाही. त्याहून मोठा घोटाळा पुस्तिकेच्या नवव्या पानावर आहे, जिथे ‘भूकवच म्हणजे सरकणाऱ्या भूपट्टांचा थर’ असे विधान केले आहे. भूपट्टात कवच असते हे खरे, परंतु त्याखालचा प्रावरणाचा वरचा ताठर भागही त्यातच मोडतो आणि दोन्ही मिळून जाडी साधारण शंभर किलोमीटरपर्यंत जाते. कवच आणि भूपट्ट यांची अशी सरमिसळ एकदा डोक्यात बसली की पुढे निघता निघत नाही.

त्याच पानावरील आकृतीत खंडाखाली वर ग्रॅनाइटचा थर आणि त्याखाली बेसॉल्टचा थर, मध्ये पट्टीने आखावी तशी सरळ रेघ, असे दाखवले आहे. एके काळी जाणकारांनाही असेच वाटत असे. रशियातील कोला द्वीपकल्पावर 1970 मध्ये जे वेधन, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडण्याचे काम, सुरू झाले आणि 1989 मध्ये 12,262 मीटर खोलीपर्यंत पोहोचले, त्यात ही रेघ सापडण्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात बेसॉल्टचा थर लागलाच नाही, लागला तो भेगाळलेला, पाणी मुरलेला रूपांतरित खडक, आणि तळाशी तापमान 180 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले. इतके खोल जाऊनही माणूस खंडाच्या कवचाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच पोहोचला होता. चाळीस वर्षांपूर्वीची आकृती नव्या पुस्तिकेत छापणे हा आळस आहे.

गाळाच्या खडकांबद्दल थोडक्यात. वालुकाश्म उत्तम आहे, भिंगाखाली गोलसर झालेले क्वार्ट्झचे कण एकमेकांना चिकटलेले स्पष्ट दिसतात. शेलवर तोंडाची वाफ सोडली की ओल्या मातीचा वास येतो, ही जुनी खूण नमुन्याने बरोबर पाळली. पिंडाश्मातले, म्हणजे गोटे एकत्र चिकटून झालेल्या खडकातले, गोटे मात्र एवढ्या लहान तुकड्यात मावत नाहीत. दीड गोटा पाहून पिंडाश्म कळत नाही. चुनखडी, खडू आणि डोलोमाइट यांच्यासाठी पुस्तिकेने सौम्य आम्लाऐवजी व्हिनेगर वापरायला सांगितले आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण व्हिनेगरने चुनखडीवर येणारे बुडबुडे बारीक आणि संथ असतात व ते भिंगातूनच पाहावे लागतात हे सांगायला हवे होते, नाहीतर नवखा माणूस ‘काहीच झाले नाही’ म्हणून प्रयोग सोडून देईल. डोलोमाइट तर व्हिनेगरला जवळजवळ दादच देत नाही.

आता त्या सारख्या वाटणीकडे येतो. गाळाच्या खडकांना डब्यात एक तृतीयांश जागा मिळाली आहे. प्रत्यक्षात भूकवचाच्या घनफळात त्यांचा वाटा सुमारे 5 टक्केच आहे, आणि तरीही जमिनीच्या पृष्ठभागाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्यांनीच झाकलेला आहे. या दोन आकड्यांतली विसंगती हाच तर गाळाच्या खडकांचा स्वभाव आहे : ते सगळीकडे आहेत, पण सायीसारखे पातळ आहेत. सारख्या मापाचे चोवीस कप्पे पाहणाऱ्याला वाटते की कोळसा आणि ग्रॅनाइट पृथ्वीवर सारख्याच प्रमाणात आहेत, आणि पृथ्वीच्या निम्म्याहून अधिक पृष्ठभागाखाली, समुद्रतळाशी असलेला बेसॉल्ट चकमकीच्या दगडाएवढाच महत्त्वाचा आहे. प्रमाण दाखवणारी एक पट्टी झाकणाच्या आतल्या बाजूला छापली असती तरी काम भागले असते.

रूपांतरित खडकांचा भाग मला सर्वांत आवडला, जरी संचातली सर्वांत गंभीर चूकही तिथेच निघाली. एकवीस क्रमांकाचा संगमरवर आणि बावीस क्रमांकाचा क्वार्ट्झाइट दोघेही पांढरे, दोघेही साखरेसारख्या कणांचे. संगमरवर म्हणून दिलेल्या तुकड्याने मी सहज काचेवर ओरखडा ओढून पाहिला आणि काच चांगलीच कापली गेली. संगमरवर कॅल्साइटचा असतो, त्याची कठिनता मोझ यांच्या मोजपट्टीवर 3, काचेची साधारण साडेपाच, क्वार्ट्झची 7. तेव्हा काच कापणारा तो संगमरवर असूच शकत नव्हता. शेजारच्या ‘क्वार्ट्झाइट’वर खिळ्याने खरवडून व्हिनेगरचा थेंब टाकला तर पांढऱ्या भुकटीतून बुडबुडे वर आले. दोन्ही नमुन्यांची अदलाबदल झालेली होती. उत्पादकाला कळवले तेव्हा पहिले उत्तर असे आले की दोन्ही ‘पांढरे रूपांतरित खडक’ असल्याने फारसा फरक पडत नाही. माझ्या दुसऱ्या, जरा कडक पत्रानंतर नव्या चिकटपट्ट्या आल्या. फरक तर मोठा पडतो. एक चुनखडीपासून बनतो, दुसरा वालुकाश्मापासून, आणि दोघांचे मूळ खडक याच डब्यात दोन ओळी वर बसलेले आहेत. अर्थात एक मान्य करतो : पुस्तिकेतल्या कुठल्याही प्रयोगापेक्षा या चुकीने जास्त शिकवले असते, जर ती चूक मुद्दाम करून शेवटी उत्तर दिले असते.

पाटीचा दगड, फिलाइट, सुभाजा (शिस्ट) आणि पट्टिताश्म (नाइस) हे चार नमुने मात्र निर्विवाद. शेल दाबाखाली आणि उष्णतेत सापडला की पाटीचा दगड होतो. शेलवर टिचकी मारली तर बद्द आवाज येतो, पाटीच्या दगडावर खणखणीत. उष्णता आणि दाब वाढत गेला की अभ्रकाचे कण मोठे होत जातात. फिलाइटवर रेशमी झाक येते, सुभाजेत पापुद्रे डोळ्यांना दिसू लागतात आणि माझ्या नमुन्यात त्या पापुद्र्यांत डाळिंबाच्या दाण्यासारखे दोन गार्नेट रुतलेले आहेत, तर पट्टिताश्मात काळे-पांढरे पट्टे वेगळे होऊन बसतात. हे चार तुकडे शेलपासून सुरुवात करून एका ओळीत ठेवले आणि डोळे मिटून बोट फिरवले तरी वाढत जाणारा खरखरीतपणा जाणवतो. पट्टिताश्माला लागूनच ग्रॅनाइट ठेवावा, कारण खनिजे जवळपास तीच आणि फरक फक्त पट्ट्यांचा. त्याच्याही पुढे खडक वितळू लागतो आणि गोष्ट पुन्हा पहिल्या कप्प्याकडे जाते. सर्पेंटिनाइटलाही असेच एकटे टाकले आहे, वास्तविक तो पेरिडोटाइटमध्ये पाणी मुरून झालेला खडक आहे आणि दोघांना शेजारी ठेवल्यावर हिरव्या रंगाचा तो तेलकट बदल लगेच नजरेत भरतो. संगजिरे नखाने ओरखडते, बोटाला साबणासारखे लागते. मुलांना तेच सर्वांत आवडेल.

शेवटची तक्रार मूलभूत आहे. एकाही नमुन्याचे मूळ ठिकाण दिलेले नाही. ठिकाण नसलेला नमुना म्हणजे पत्ता फाटलेले पत्र. ग्रॅनाइट कुठला हे कळले नाही तर तो किती जुना हेही कळत नाही. कॅनडातील अकास्टा येथील पट्टिताश्म 400 कोटी वर्षांहून जुना आहे, ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्सच्या खडकांतील झिरकॉन या खनिजाचे काही कण तर 440 कोटी वर्षांच्या घरात जातात, आणि याउलट महासागरांच्या तळाचे कवच बहुतेक ठिकाणी 20 कोटी वर्षांहूनही तरुण आहे, कारण जुने झालेले सागरी कवच खाली प्रावरणात परत ओढले जाते. हा सारा कालपट माझ्या चोवीस कप्प्यांत कुठेतरी दडलेला असणार, पण तो वाचायची किल्लीच दिलेली नाही. उत्पादकाने प्रत्येक नमुन्यासोबत खाणीचे किंवा प्रदेशाचे नाव दिले, तर या संचाची किंमत माझ्या लेखी दुप्पट होईल.

तरीही संच घ्यावा असेच मी सांगेन. नमुने अस्सल आहेत, भिंग चांगले आहे आणि ताज्या फुटीचे इतके खडक एकत्र मिळणे सोपे नाही. पुस्तिका बाजूला ठेवून मी स्वतः कप्प्यांची पुनर्रचना केली आहे. वरच्या ओळीत गाळाचे खडक पातळ थरासारखे, त्यांच्या खाली शेलपासून पट्टिताश्मापर्यंतची रांग आणि तिच्या टोकाला ग्रॅनाइट, सर्वांत खाली गॅब्रो आणि बेसॉल्ट. सातवा कप्पा रिकामा झाला. पेरिडोटाइट आता डब्यात नाही. डबा कलू नये म्हणून दुसऱ्या बाजूला लाकडाची चकती देऊन तो मी डब्याच्या तळाखाली ठेवला आहे.